कळ

मराठी टंकलेखन यंत्रावर ‘भाषण’ हा शब्द लिहायचा तर कान्याची कळ चार वेळा दाबावी लागते. त्या कळफलकावर भ हे अक्षर पुरं नसतंच. अर्धा भ उमटवायचा आणि त्याला काना जोडून तो उभा करायचा. ‘भा’साठी पुन्हा काना. मग अर्धा ष आणि काना, अर्धा ण आणि काना. ख, घ, थ, ध, श, क्ष या सगळ्यांची तीच गत. ही कळ येते उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. १९८३ साली, एकोणिसाव्या वर्षी, रोह्याच्या टायपिंग क्लासमध्ये मी ती पहिल्यांदा दाबली. पुढची तेवीस वर्षं ते बोट त्या कळीवर पडत राहिलं. आधी रोह्यात शिकवताना, मग लग्न होऊन पेणला आल्यावर कोर्टाचे दावे, अर्ज, लग्नपत्रिका, स्मरणिका, जे येईल ते जुळवताना. आणि २००६च्या पावसाळ्यात त्याच हातात कळ यायला लागली.

दाबायची तीही कळ आणि सोसायची तीही कळ. त्या पावसाळ्यात हा शब्द माझ्या डोक्यात फार घोळायचा.

रात्री दोन-अडीचला जाग यायची. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर. करंगळी मात्र शाबूत. हात पलंगाखाली सोडून झटकला की मुंग्या येत येत बोटं पुन्हा जागी व्हायची. सकाळी पोळ्या करायला घेतल्या की लाटणं हातातून निसटायचं. घरच्यांचं, शेजारच्यांचं, सगळ्यांचं निदान एकच: कॉम्प्युटरचा आजार. नवं यंत्र आलं आणि येताना नवं दुखणं घेऊन आलं. मला ते पटेना. कारण हे दुखणं मी आधी पाहिलं होतं. आजोबांच्या हातात, आईच्या हातात, मामाच्या जोडीदारांच्या हातात. त्यांच्यापैकी कुणी कॉम्प्युटर चालू करूनही पाहिला नव्हता.

आजोबा रोह्यात एका वकिलांकडे कारकून होते. मी पाहिलं तेव्हा सत्तरीचे होते, नोकरी केव्हाच सुटली होती, पण जमिनीची जुनी मोडी कागदपत्रं वाचून घ्यायला आसपासच्या गावांतले लोक त्यांच्याकडे यायचे. आजोबा ती वाचून बाळबोधीत उतरवून द्यायचे. लिहायला बसले की बैठक तीच जुनी: डावी मांडी घातलेली, उजवा गुडघा उभा, त्यावर फळी, फळीवर कागद. टेबलखुर्ची त्यांना कधी मानवली नाही.

मोडीत आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात, शक्यतो हात न उचलता. ही लिपीच मुळी घाईच्या कामासाठी. पण घाईलाही लगाम होता, आणि तो बोरूच्या हातात होता. बोरू शाई धरतो ती थोड्याच शब्दांपुरती. संपली की बुडवा. टोक बोथट झालं की चाकूनं तिरपी खाप मारा. पान भरलं की वर बारीक वाळू भुरभुरवा, कागद उचलून झटका. लिहिणाऱ्या हाताला या कामांत लिहावं लागत नव्हतं. बुडवताना मनगट एका बाजूला वळायचं, खाप मारताना दुसऱ्या, वाळू टाकताना बोटं मोकळी व्हायची. हे सगळं शाईसाठी आणि कागदासाठी चाललेलं असे; त्यात हाताची सोय आपोआप होत होती.

मग वकिलांकडे लोखंडी निबाचा टाक आला, पुढे फाउंटन पेन आलं. नक्कल करण्याचं काम वाढलं, कारण एका कागदाच्या आता चार प्रती लागायच्या. पन्नाशीच्या आसपास आजोबांचा अंगठा लिहिता लिहिता तळहाताकडे वळू लागला आणि तिथंच अडकून बसू लागला. डाव्या हातानं तो उलगडावा लागे. जेवताना, पूजा करताना, विहिरीवर पाणी ओढताना तोच अंगठा अगदी शहाण्यासारखा वागायचा. पेन हातात घेतलं की आत वळायचा. आजी त्याला एरंडेल चोळायची. आजोबा म्हणायचे, “टाकानं हात धरला.”

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांच्याही शंभर वर्षं आधी, १८३०च्या दशकात, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतले कारकून अगदी हीच तक्रार करत होते आणि दोष लोखंडी निबालाच देत होते. पिसाच्या लेखणीला सतत कापून टोक काढावं लागे. निब आला आणि ते थांबणं गेलं. त्याच्याही मागं जायचं तर इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कोणत्या धंद्यानं कोणतं दुखणं येतं यावर त्यांनी १७००मध्ये एक ग्रंथ लिहिला, आणि १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण वाढवलं. कारणं त्यांनी तीन सांगितली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा होणं, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांत या यादीत भर घालण्यासारखं फार काही सापडलेलं नाही. आजचा फिजिओथेरपिस्ट हेच तीन मुद्दे सांगतो. रामाझिनींनी आपल्या ओळखीच्या एका नोटरीची हकिगतही दिली आहे. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात लुळा पडला, म्हणून त्यानं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. थोड्याच काळात डावाही हात त्याच वाटेनं गेला. ही हकिगत मी पुढे कामाला येईल म्हणून सांगते आहे.

आजोबांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचं. १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते आणि त्या काळच्या नोटांवर त्यांची सही असायची. आजोबांनी तशी एक नोट पोथीत जपून ठेवली होती. ती दाखवून ते म्हणायचे, “बघ, त्यांनी एकदा सही केली आणि छापखान्यानं लाखो वेळा उठवली. आम्ही एकेक प्रत हातानं.” त्यांच्या बोलण्यात हेवा नसायचा. आपला हात कुठे झिजला, ते त्यांना नेमकं कळलेलं असायचं.

आता पेणकडे येते. आईचं माहेर पेणचं आणि पेणच्या बायकांचा हात म्हणजे पोह्याचे पापड. या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पेणच्या गणपतींवर खूप लिहिलं जातं, लिहायलाच हवं, पण दुकानात गणपतीच्या शेजारी जो पापडाचा पुडा लागलेला असतो, त्यामागच्या मनगटांची नोंद कुठंच नाही.

आईच्या लहानपणी पापड घरचे असत. शेजारच्या पाच-सहा जणी एकेका घरी जमत. एकजण पीठ कुटायची, एकजण दोऱ्यानं कापून लाट्या करायची, दोघी लाटायच्या, एकजण वाळत घालायला उन्हात पळायची. तासा-दीड तासानं कामं आपसात बदलायची. ‘हात बदलू या’ हाच शब्द होता त्याला. कुटण्यात खांदा लागतो, लाटण्यात मनगट, वाळत घालण्यात पाय. पुढे पापड विकायला जाऊ लागले आणि मजुरी किलोवर मिळू लागली. लाट्या तयार येऊ लागल्या. आई घरी एकटी बसून नुसती लाटू लागली. उठली तर तेवढे पापड कमी. पाच वर्षांत तिचा उजवा अंगठा मनगटाशी सुजला. पातेलं उचललं की अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत शिणक जायची. या दुखण्यालाही नाव आहे, फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकानं १८९५मध्ये त्याचं वर्णन केलं, पण आईला ते नाव कधी कळलं नाही. ती म्हणायची, “बाईचं मनगट आहे, दुखायचंच.” हे वाक्य आठवलं की मला अजून राग येतो. काम तेच, पापड तोच, लाटणं तेच. बदललं होतं एवढंच, की हात बदलायला दुसरी कुणी उरली नव्हती.

मामा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात. शाडू गुजरातेतून यायचा, नंतर प्लास्टरचा जमाना आला. साच्यातून मूर्ती काढायची, सांधे भरायचे, घासायची, रंगवायची आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी ही कारखान्यातली मानाची जागा. मूर्तीला जीव तिथं येतो, आणि बिघडली तर सगळ्यांची मेहनत तिथंच वाया जाते.

मी सुटीत त्याच्याकडे जाऊन बसायची. सकाळचा उजेड दारातून तिरपा आत येई, तेवढ्या वेळातच तो डोळे काढायचा. मूर्ती फिरत्या पाटावर. मामा बुटक्या स्टुलावर, असा बसलेला की मूर्तीचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर यावेत. मूर्ती मोठी असली तर स्टूल बदलायचा, लहान असली तर पाटाखाली विटा रचायचा, पण मान वाकवायचा नाही. झीरो नंबरचा ब्रश अगदी सैल धरलेला, कुणी ओढला तर हातातून सुटावा इतका सैल. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून आणि उजव्या मनगटाखाली डाव्या हाताची मूठ. श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ, एका दमात, खांद्यातून. बोटं हलताना दिसायचीच नाहीत. मग भुवई, बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते.

चार मूर्ती झाल्या की मामा उठायचा. रंग कालवायला कारखान्यात पोरगा होता, तरी आपला काळा रंग मामा स्वतः कालवायचा. वाटी घेऊन दारात जायचा, उभ्यानं ढवळायचा, समोरच्या डोंगरांकडे बघायचा, मग परत. मालक कुरकुरायचा. मी एकदा विचारलं, की पोराला का सांगत नाही. “अगं, रंग तो कालवेल. माझा हात कोण कालवणार?”

मामानं साठी ओलांडेपर्यंत आखणी केली. त्याच्या बरोबरीच्या दोघांचे हात पंचेचाळिशीत थरथरू लागले. वय तेच, काम तेच. मी हे पुरावा म्हणून मांडत नाही, तीन माणसांवरून काही सिद्ध होत नसतं. पण मला हाताबद्दल जे पहिलं कळलं ते त्या वाटीतून.

आता अंगाचा रंग कारखान्यांत गननं मारतात. कॉम्प्रेसर चालू, तर्जनी खटक्यावर, आणि मूर्ती एकामागून एक पुढे येत राहते. ब्रश होता तेव्हा बुडवण्यासाठी तरी हात मागं यायचा. पेणच्या तरुण रंगाऱ्यांना विचारा, कुठलं बोट आखडतं. तर्जनीच सांगतील.

टायपिंग क्लासमध्ये आमचे सर पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नसत. आधी खुर्ची. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, कोपरं अंगालगत, कोपरापासून मनगटापर्यंत हात जमिनीला समांतर. ज्याचे पाय पोचत नसत त्याच्यासाठी लाकडी पाट होते. मनगट यंत्राच्या कडेला टेकवलं की सर लांबूनच म्हणायचे, “मनगट उचला.” बोटं वाकलेली, तळहातात लिंबू धरल्यासारखी. मग पंधरा दिवस एकच ओळ.

आमचं यंत्र गोदरेजचं होतं. भारतात टंकलेखन यंत्र पहिल्यांदा १९५५मध्ये गोदरेजनं बनवलं. त्याआधी रेमिंग्टन वगैरे विलायती. मराठी यंत्रांना खरा बाजार मिळाला तो महाराष्ट्राच्या १९६४च्या राजभाषा कायद्यानंतर, सरकारी कारभार मराठीत आला तेव्हा. गावोगाव टायपिंगच्या संस्था निघाल्या. मुली घराबाहेर पडून नोकरीला लागल्या त्या या परीक्षांच्या जोरावर, माझ्यासकट. आमच्या सरावाच्या पुस्तकात पत्रांखाली अजून ‘जिल्हा कुलाबा’ छापलेलं होतं. १९८१मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं, पण आम्ही समोर असेल ते टाइप करत होतो.

इंग्रजीत पाच ठोके म्हणजे एक शब्द असा हिशेब धरतात. मिनिटाला चाळीस शब्द म्हणजे दोनशे ठोके, तासाला बारा हजार. आणि यांत्रिक यंत्राची कळ जड असते, दाबायची नाही, ठोकायची असते. मग आम्हा सगळ्यांचे हात तेव्हाच का गेले नाहीत? दुखायचे, बोटांची पेरं दुखायची, करंगळी तर फारच, कारण शिफ्ट दाबताना तिच्यावर सगळा भार. पण रात्री झोप मोडणारी बधिरता क्लासमध्ये मी कुणाकडून ऐकली नाही.

याचं उत्तर यंत्राच्या डाव्या अंगाला होतं. ओळ संपत आली की घंटा वाजायची. टिंग. अजून चार-सहा अक्षरं बसतील, शब्द संपवा. मग डावा हात कळफलकावरून उचलून दांडी धरायची आणि गाडी उजवीकडे ढकलायची. दर ओळीला. खांदा हलायचा, मान वळायची, उजवा हात हवेत मोकळा. पान संपलं की तीन कागद, दोन कार्बन जुळवायचे, ठोकून सारखे करायचे, रुळात घालायचे. चूक झाली तर रबर. रिबिन संपली तर बोटं काळी करून बदलायची. १८७४मध्ये अमेरिकेत रेमिंग्टननं पहिलं यंत्र बाजारात आणलं तेव्हा तर गाडी मागं आणायला पायाखाली पट्टी होती, शिवणयंत्रासारखी. पायसुद्धा कामाला होता. आम्ही या सगळ्याला वेळेचा नास म्हणायचो. सर मात्र म्हणायचे, “घंटेला चिडू नका.” तेव्हा वाटायचं, वेगाबद्दल बोलतायत.

तारखात्यातल्या माणसांनी हे आमच्याही आधी भोगलं होतं. मोर्सच्या कळीवर दिवसभर तेच मनगट वरखाली. अमेरिकेतले तारवाले त्या दुखण्याला ‘काचेचा हात’ म्हणायचे, बसला धक्का की फुटला. १९०४मध्ये होरेस मार्टिन यांनी नवी कळ काढली, व्हायब्रोप्लेक्स नावाची, जी वरखाली न दाबता आडवी हलवायची. दुखणाऱ्या हाताकडे बघून यंत्र बदललं, असं मला माहीत असलेलं हे सुरुवातीचं उदाहरण. १९०८मध्ये ब्रिटननं तारवाल्यांच्या या दुखण्याला नुकसानभरपाईच्या आजारांच्या यादीत घातलं. म्हणजे कामानं हात जातो हे कायद्यानं मान्य केलं. आपल्याकडे तार २०१३च्या जुलैत बंद झाली, पण तारबाबूंच्या मनगटांबद्दल आपण कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

१९९०च्या दशकात पेणला अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर आली. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली आणि त्यांत टाइपरायटरचाच कळफलक निवडता यायचा. आम्ही जुन्या माणसांनी तोच निवडला, बोटांना तोच येत होता. खरं तर सरकारनं १९८६मध्येच इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला होता. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, भ एका ठोक्यात पुरा, म्हणजे ‘भाषण’ला काना एकदाच आणि तोही डाव्या हातानं. काम दोन्ही हातांत वाटलं जातं. आम्ही तो शिकलो नाही. वेळ नव्हता, आणि मजुरी पानावर होती.

कळा इतक्या हलक्या की बोट ठेवलं तरी अक्षर उमटे. घंटा नाही, दांडी नाही, कार्बन नाही. ओळ आपोआप खाली जाते. चूक पुसायला हात उचलावा लागत नाही. आता मी तासन्‌तास न थांबता टाइप करू शकत होते, आणि करत होते. निवडणुकीच्या हंगामात एका छपाईवाल्याकडे सलग चौदा तास बसलेली मला आठवते. जेवणाचा डबा कळफलकाशेजारी. घरी टेबल स्वयंपाकघरातलं, उंच. त्यामुळे मनगटं टेबलाच्या कडेवर मोडलेली आणि पंजा वर उचललेला. सरांचा पहिला दिवसच मी विसरले होते. उजवीकडे आकड्यांच्या कळा आणि त्यांच्याही पलीकडे माउस; म्हणजे दर वेळी खांदा ताणून हात लांब. थांबायचं ते फक्त वीज गेली की. पेणमध्ये तेव्हा वीज बरीच जायची. आज वाटतं, माझा हात २००६पर्यंत टिकला तो त्या भारनियमनामुळे.

पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेऊन मी आणखी जोरात कामाला लागले. दोन महिन्यांनी चहाचा कप धरवेना. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागदावर मनगट काढून दाखवलं. खाली आठ छोट्या हाडांची कमान, वर चिवट पट्टा, मध्ये बोगदा. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि त्यांच्या बरोबर एक मज्जातंतू जातो. मनगट वर किंवा खाली मोडून धरलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि चिमटतो तो मज्जातंतू. करंगळीची जाणीव दुसऱ्या तंतूकडे असते, म्हणून ती शाबूत. रोहा-पेण येणंजाणं करणाऱ्या बाईला बोगदा समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, जोर लावून मनगट वारंवार मोडणं, हादरे बसणाऱ्या अवजारांचं काम यांनी हे होतं हे पक्कं आहे. एकट्या कळफलकाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण मनगट सरळ ठेवा आणि थांबत चला, यावर वाद नाही.

रात्री मनगट सरळ धरणारी पट्टी बांधून झोपायला लागले. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोप लागली. टेबल सुताराकडून चार बोटं कापून घेतलं. मॉनिटर जाड पुस्तकांवर चढवला, वरची कड डोळ्यांच्या रेषेत, मामाच्या विटांसारखा. आकड्यांच्या कळा नसलेला आखूड कळफलक आणला आणि माउस डावीकडे घेतला.

माउस डावीकडे घेताना मला रामाझिनींचा नोटरी आठवला आणि त्याच्याच शेजारी गागोद्याचे विनोबा. गागोदं आमच्या पेण तालुक्यातलं. विनोबांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५चा. सूत कातून पोट भरता येतं का, हे ते स्वतः कातून तपासत होते, तासन्‌तास. त्यात त्यांनी टकळी डाव्या हातानंही चालवायचा सराव केला. नोटरीनं उजवा हात मोडेपर्यंत वाट पाहिली आणि मग सगळा भार डाव्यावर टाकला. विनोबांनी दोन्ही हात धड असतानाच काम वाटून घेतलं. आईच्या मैत्रिणींचं ‘हात बदलू या’ ते हेच. मी दिवसाआड माउस बदलते. पहिला महिना डावा हात लहान मुलासारखा भरकटला, मग शिकला.

इनस्क्रिप्टही मी शिकले, बेचाळिसाव्या वर्षी. सहा महिने वेग निम्म्यावर आला, पैसे बुडाले. पण उजव्या हाताचं मधलं बोट मोकळं झालं.

टायपिंगच्या सरकारी परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात. क्लासमधली यंत्रं भंगारात निघाली तेव्हा मी एक गोदरेज मागून घेतलं. माझी पुतणी नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम पेणच्या घरात बसून करते, त्याच खोलीत, कापलेल्या टेबलावर. सकाळी बसली की दुपारपर्यंत हलत नाही. फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावून पाहिला. तो ती बोटानं बंद करते आणि तेच बोट पुन्हा कळीवर ठेवते. मागच्या महिन्यात तिचाही अंगठा सकाळी जड वाटायला लागला.

आता मी खिडकीशी बसते. अर्धा तास झाला की गोदरेजची गाडी सोडवून डावीकडे सरकवते. टिंग. तिच्या कानांत हेडफोन असतात, तरी तिला ऐकू जाते. “काकू, दोन मिनिटं,” म्हणते. मी दांडी धरून गाडी परत उजवीकडे नेते आणि पुन्हा सोडते.

ती उठते. चहा टाकायला आता तीच जाते.